अमर बंटीचा आवाज

२८ मार्च २००४, रविवार. सकाळी ७.

आजपासून रोजनिशी. वही माझ्या मुलीची, वल्लरीची जुनी आहे, मागची पानं कोरी निघाली. कलावंताने आपल्या वाटचालीची नोंद ठेवायला हवी.

काल मल्हारी स्टँडवर आला होता. आमच्या पंचवटीतला केबलवाला. घरची शेती मखमलाबादला, टोमॅटो आणि फ्लॉवर, पण याचं सगळं लक्ष वायरींत. चौकशीच्या खिडकीतून आत डोकं घालून म्हणाला, "सर, तो फलाट नंबर चारवाला आवाज तुमचाच ना? लय भारी. आपल्याला पायजे."

अठरा वर्षं मी या स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे, माइकवर. अठरा वर्षांत हे म्हणणारा पहिला माणूस.

काम असं: जपानी कार्टूनच्या सीडी त्याला मुंबईहून मिळाल्यात. खाली इंग्रजी अक्षरं येतात. त्याचं मराठी मी करायचं, मुख्य पात्राचा आवाजही मीच द्यायचा. मे महिन्याच्या सुट्टीत त्याच्या चॅनेलवर रोज एक भाग.

संकल्प: चहा बंद. ज्येष्ठमध सुरू. रोज सकाळी गुळण्या. येत्या रविवारी मनमाडला जाणे.

१ एप्रिल, गुरुवार.

तीन भाग पाहिले. गोष्ट अशी. एक अस्तित्व आहे. त्याला रूप नाही, नाव नाही, मरण नाही. धुक्यासारखं काहीतरी बर्फाच्या डोंगरावरून खाली येतं आणि माणसांत राहायला लागतं. जो त्याला जीव लावतो त्याच्याकडून ते एकेक गोष्ट शिकतं. विस्तव पोळतो. पोटात भूक नावाचं काही असतं. हाक मारली की वळून बघायचं. मग जीव लावणारं माणूस मरतं, आणि याला ते कळत नाही. उभं राहतं थोडा वेळ, पुढे चालायला लागतं.

भूमिका जणू माझ्यासाठीच. मी स्वतः भावनांच्या पलीकडे गेलेला माणूस आहे. माझ्या धाकट्याला, विहंगला जाऊन जूनमध्ये दोन वर्षं होतील. सात वर्षांचा होता. तीन दिवसांचा ताप. तेव्हा घरातले सगळे रडले, मी नाही. कुणीतरी खंबीर राहावंच लागतं. चौथ्या दिवशी ड्यूटीवर हजर होतो. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं.

चहा घेतला. एकच.

४ एप्रिल, रविवार.

मनमाडला गेलो नाही. भाषांतर चालू आहे, तंद्री मोडून चालत नाही.

माझी बायको लतिका तिथे प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या जूनपासून. तात्पुरती व्यवस्था आहे. वल्लरीलाही तिने सोबत नेलं, कारण मुलीला आईजवळ बरं पडतं. मी भेटायला जाणार होतोच. पण कुंभमेळ्यात रजा बंद होत्या. दिवाळीत जादा गाड्या. मग थंडी फार पडली.

ती गेली त्या दिवशी तिच्या गाडीची घोषणा मीच केली होती. "नाशिकहून मनमाडला जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागत आहे." त्या गाडीत त्या दोघी आहेत हे मला ठाऊक नव्हतं. पुढच्या आठवड्यात जाते, असं ती म्हणाली होती. निदान मी तसं ऐकलं होतं. नंतर फोनवर म्हणाली, तुमचा आवाज गाडी सुटेपर्यंत ऐकू येत होता. मी म्हणालो, स्पीकर नवीन बसवलेत.

त्यावर फोन कट झाला. लाइन खराब होती.

११ एप्रिल, रविवार.

स्टुडिओ पाहिला. मल्हारीच्या मळ्यात टोमॅटोचे क्रेट ठेवायची खोली आहे. भिंतींना गोधड्या ठोकल्यात, खिडकीत गादी, दाराला काच. आत बसलं की अंगाचं पाणी होतं, पण पंखा लावायचा नाही, आवाज येतो.

बायकांचे आणि लहान मुलांचे सगळे आवाज शुभांगी देणार. गंगापूर रोडला तिचा शिवणक्लास आहे. बालनाट्यात कामं केलीत. मुलगी हुशार आहे. मी तिला श्वास कसा घ्यायचा ते अर्धा तास समजावलं. शांतपणे ऐकत होती. नंतर कळलं, तिला या कामाचं राज्य पातळीवरचं बक्षीस आहे.

पहिलं वाक्य मी असं केलं होतं: "हे अज्ञात मानवा, तुझ्या नेत्रांतून स्रवणारे हे जल कोणते?"

मल्हारी म्हणाला, "सर, पोरं कार्टून बघणार का कीर्तन?"

बदललं: "तुझ्या डोळ्यांतून पाणी का येतंय?" सपक वाटतं. पण सामान्यांसाठी खाली यावं लागतं.

१८ एप्रिल, रविवार.

नावावरून वाद. मी सुचवलं, 'अनंताची मनुष्यदीक्षा'. मल्हारी म्हणाला, 'अमर बंटी'. मी सांगितलं, ज्याला रूप नाही, नाव नाही, त्याला बंटी म्हणता येणार नाही. तो म्हणाला, बोर्ड रंगवायला दिला.

मनमाडला पुढच्या रविवारी. नक्की.

२ मे, रविवार.

सात भाग झाले. माझं काम उत्तम चाललंय. मल्हारी मधूनमधून काच ठोकतो आणि म्हणतो, "सर, जरा कमी स्पष्ट बोला." कमी स्पष्ट! अठरा वर्षांत एकही प्रवासी चुकीच्या गाडीत बसला नाही.

संध्याकाळी लतिकेचा फोन. घरमालकीण कुसाबाईंच्या घरून करते, म्हणून थोडक्यात बोलते. वल्लरीची नववीची परीक्षा झाली, गणितात चांगले पडतील म्हणाली. मी कार्टूनबद्दल सविस्तर सांगितलं. तिने विचारलं, त्याला शेवटी माणूस होता येतं का? मी म्हणालो, शेवटचे भाग अजून पाहिले नाहीत. तिने विचारलं, रेशनकार्डाचं काम झालं का? तिला तिकडचं कार्ड काढायचंय, त्यासाठी इथून नाव कमी करायला हवं. विहंगचंही त्याच वेळी होऊन जाईल, म्हणाली.

जायचं आहे. त्या ऑफिसात फार गर्दी असते.

९ मे, रविवार.

आठवा भाग. बंटीला एक लहान मुलगा भेटतो. नाव केन. आईवडील नाहीत. त्याला वाटतं बंटी आपला मोठा भाऊ. बंटीला संत्रं सोलायला शिकवतो, चपलेचा पट्टा तुटला की दोरीने कसा बांधायचा ते शिकवतो, फुशारकी मारायला शिकवतो. शुभांगीने आवाज दिला. साधारण सात वर्षांच्या मुलासारखा. 'र' जरा बोबडा.

मला मध्येच बाहेर यावं लागलं. गोधड्यांची धूळ. मल्हारीला सांगितलं, गोधड्या झटकून घे.

झटकल्या. तरी होतीच.

१६ मे, रविवार. दुपारी ४.

अकरावा भाग. केनला ताप येतो आणि तो मरतो.

बंटीला कळत नाही. रोज जेवणाच्या वेळी तो केनची थाळी मांडतो. समोर बसतो. अन्न वाळतं, मुंग्या येतात, हा दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडतो. नऊ दिवस. दहाव्या दिवशी थाळी हातात घेतो आणि पहिल्यांदा रडतो.

मी मल्हारीला स्पष्ट सांगितलं की प्रसंग तर्काला सोडून आहे. असं कुणी करत नाही. कापावा. तो म्हणाला, "सर, सगळ्या गोष्टीचा जीव त्याच्यातच हे." शुभांगीही म्हणाली, तो ठेवाच.

मग रडायचं ठरलं. मी माइकपुढे उभा राहिलो. पडद्यावर थाळी. मी म्हणालो, "केन. तू कुठे गेलास. केन." मल्हारीने काच ठोकली. "सर, गाडी कुठं गेली असं वाटतंय. रडा ना."

सतरा वेळा केलं. होतं असं कधीकधी. मोठमोठ्या नटांचंही होतं.

१९ मे, बुधवार.

रडण्याचा रियाज. सकाळी आरशासमोर वीस मिनिटं. कांदा आणला. डोळ्यांतून पाणी आलं, पण घशातून शिंक. शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, सर्दी झाली का, काढा देऊ का.

विचार केला, एखादी दुःखाची आठवण काढावी. नटमंडळी काढतात म्हणे. आठवणी शोधल्या. विशेष काही सापडलं नाही. एकदा मॅट्रिकच्या वेळी सायकल चोरीला गेली होती.

२३ मे, रविवार.

आज प्रयोग म्हणून विहंगचा दिवस आठवायचं ठरवलं. शास्त्रीय दृष्टीने. क्रमाने लिहून काढतो म्हणजे माइकपुढे उपयोगी पडेल.

१३ जून २००२. सकाळची पाळी. निघताना त्याचा ताप कमी वाटला. शाळा सुरू व्हायची होती, वह्यांना मी आदल्या रविवारी खाकी कव्हरं घातली होती. अकरा वाजता लतिकेचा फोन आला. ताप चढलाय, डोळे फिरवतोय, रिक्षाने दवाखान्यात नेते, तुम्ही या. मी म्हणालो, माझ्या जागी बसणारा रिलीव्हर आला की निघतो. रिलीव्हर आला नाही. चारला सुटलो. तोपर्यंत झालं होतं.

रिलीव्हर आला नाही त्याला मी काय करणार? माइक सोडून जाता येत नाही. लोक चुकीच्या गाडीत बसतात.

रेकॉर्डिंगला गेलो. लिहिलेलं वाचून गेलो होतो. काहीही झालं नाही. मल्हारी म्हणाला, "राहू द्या सर, मंगळवारी बघू."

२५ मे, मंगळवार.

गेलो तर सहादू माइकपुढे. सहादू म्हणजे मल्हारीचा टेम्पो चालवणारा. रोज पहाटे भाजी मार्केटला नेतो. मल्हारी त्याला म्हणाला, रड. तो रडला. एका दमात. शुभांगीने तोंडावर पदर घेतला. मी विचारलं, काय मनात आणलंत? तो म्हणाला, "काय नाय वो. दादा म्हनले रड. आन् ती थाळी बघितली ना."

शिक्षण नाही, उच्चार नाही. 'केन'चं 'क्यान' म्हणतो.

मल्हारी म्हणाला, रडण्यापुरता सहादू, बाकी तुम्हीच. मी मोठ्या मनाने मान्य केलं.

१ जून, मंगळवार.

उशिरा का होईना, कालपासून चॅनेलवर सुरू. मल्हारीकडे सोळा फोन आले. त्यांतल्या नऊ जणांनी विचारलं, बंटी स्टँडवर का बोलतोय. एका आजोबांनी विचारलं, मालेगावची गाडी किती वाजता आहे.

म्हणजे आवाज लोकांच्या ओळखीचा आहे. चांगलंच लक्षण.

४ जून, शुक्रवार.

सगळे भाग सहादूच्या आवाजात पुन्हा करणार. मल्हारी स्वतः सांगायला स्टँडवर आला, हातात फ्लॉवरचे दोन गड्डे. म्हणाला, "सर, राग मानू नका. तुम्ही बोलता तवा असं वाटतं का काईच झालेलं नाई."

मी कलाविषयक मतभेदांमुळे बाजूला झालो आहे. अशी नोंद असावी.

भाषांतरकार म्हणून नाव राहील. 'भाषांतर: धुंडीराज' असं रंगवलंय. मी ढुंढिराज. आमच्याकडे तीन पिढ्या यात्रेकरूंच्या वंशावळी लिहिल्या गेल्या, एकाचंही नाव चुकलं नाही.

फ्लॉवर खराब झाला. एकट्याला दोन गड्डे संपत नाहीत. भाजी केली की अजून चौघांची होते.

८ जून, मंगळवार.

लतिकेचा फोन, कंट्रोल रूममध्ये. म्हणाली, तेरा तारखेला रविवार आहे. शाळेतल्या मुलांना विहंगच्या नावाने वह्या देणार आहे. तुम्ही या. मी म्हणालो, ड्यूटी बघतो. ती म्हणाली, "बघू नका. यायचं तर या. या वेळी नाही आलात तर मी परत बोलावणार नाही. राग नाही. दमले."

बाहेर गाडी लागली होती. माइक चालू करून घोषणा केली. नीट झाली. नंतर दहिवेलची गाडी दोनदा सांगितली असं कंडक्टर म्हणाला. मला आठवत नाही.

१२ जून, शनिवार.

उद्या जातो. योजना पक्की आहे. लतिका अजून सावरलेली नाही, हा मूळ प्रश्न. तिला धीराची दिशा द्यायला हवी. अकराव्या भागाची सीडी मल्हारीकडून घेतली. ती दाखवायची, मग बोलायचं: हे अनंत अस्तित्वसुद्धा दहाव्या दिवशी थाळी उचलतं, मग आपण तर माणसं. चार पानांचं भाषण लिहिलं. पाठ केलं. आवाज लागलाय.

त्यानंतर दोघींना घेऊन परत. दोन बॅगा रिकाम्या नेतोय, सामान लागेल म्हणून.

१३ जून, रविवार. मनमाड. रात्री.

वल्लरी उंच झालीये. मला तिने आधी ओळख दाखवली नाही, मग पाणी दिलं. दोन रिकाम्या बॅगा बघून लतिकेने विचारलं, यांत काय आहे? मी म्हणालो, काही नाही. तिने कोपऱ्यात ठेवल्या.

वह्या वाटून झाल्या. मुलं पाया पडली. मी प्रत्येकाला 'यशस्वी भव' म्हणालो, वल्लरीने हळूच सांगितलं, एवढ्या मोठ्याने नको.

जेवणानंतर सीडी लावली. सहादूच्या तोंडी बंटी बोलायला लागला तशी वल्लरी हसायला लागली. "क्यान, ए क्यान." मलाही जरा हसू आलं. मग थाळी आली. पहिला दिवस. दुसरा दिवस. वल्लरी हसायची थांबली. लतिका उठून आत गेली. सहादू रडला. मी टीव्ही बंद केला आणि भाषणासाठी उभा राहिलो.

लतिका दारात आली. पदराला हात पुसत होती. म्हणाली, "एकच विचारायचंय. त्या दिवशी तुम्ही चारपर्यंत का थांबलात?"

मी म्हणालो, रिलीव्हर आला नव्हता.

वल्लरी माझ्याकडे बघत होती. तिच्या मांडीवर एक वही होती, जास्तीची उरलेली.

मी म्हणालो, आला होता.

तो एक वाजताच आला होता. म्हणाला, उठा ढुंढिराव, घरून फोन होता ना, जा. मी म्हणालो, तू जेवून घे, मी बघतो. तो म्हणाला, जेवून आलोय. मी उठलो नाही. माइकवर असताना काही झालेलं नसतं. इगतपुरी, सिन्नर, मालेगाव, सगळं वेळेवर सुटत असतं. उठलो की दवाखान्यात जावं लागणार, आणि तिथे गेलं की कळणार. तीन तास मी त्याला बाजूला बसवून ठेवलं. लतिका तिथे एकटी होती. विहंगने दोनदा विचारलं होतं, बाबा आले का. हे तिने मला आज सांगितलं.

पुढचं नीट लिहिता येत नाही. आवाज आला. माझाच. मला वाटलं टीव्ही चालू राहिला. कसलाही उच्चार नव्हता त्यात. मी भिंतीला धरून खाली बसलो, नाक वाहत होतं, उचकी लागली, वल्लरी घाबरून म्हणत होती, बाबा, बाबा, हळू. हळू होईना.

खालून कुसाबाई धावत वर आल्या. "काय झालं? कोण गेलं?"

लतिका म्हणाली, "विहंग. आमचा मुलगा."

"अरे देवा! कधी?"

"दोन वर्षं झाली."

कुसाबाईंनी माझ्याकडे बघितलं, लतिकेकडे बघितलं. मग खाली गेल्या आणि साखर घातलेलं लिंबूपाणी घेऊन आल्या. मी प्यायलो. लतिका माझ्यापासून दोन हात लांब, भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. फार थकलेली दिसत होती. म्हणाली, "मला माहीत होतं. तो रिलीव्हर तेव्हाच येऊन सांगून गेला होता. तुम्ही कधी म्हणताय, वाट बघत होते."

शेवटची गाडी गेली. बाहेरच्या खोलीत अंथरूण घातलंय.

१४ जून, सोमवार. मनमाड.

आवाज गेलाय. घसा सुजला असेल. बोललं तर नुसती हवा येते.

लतिका शाळेत जायला निघाली होती. मी तिला खुणेने थांबवलं आणि रजेचा अर्ज लिहून दाखवला. आठ दिवस मागितले. कारणाच्या जागी पहिल्यांदा खरं लिहिलं, ते तीन ओळींचं झालं, साहेबांना कशाला, म्हणून खोडून 'घरगुती कारण' लिहिलं.

तिने उभ्याउभ्या वाचला. खोडलेलंही वाचलं, उजेडाकडे धरून. मग पर्समधून पेन काढलं, आठचे दोन केले आणि जाताना पोस्टात टाकते म्हणाली.